गाडीचा उजवा डोळा

अण्णा, गाडीची किल्ली माझ्याकडेच राहिली. हे आधी सांगून टाकते, कारण गोष्ट सांगताना मी शेवट राखून ठेवते आणि तुम्हाला ते कधी आवडलं नाही. भोकरदनहून आल्यावर मी दारातूनच सुरुवात करायची, तेव्हा वहाणा काढता काढता तुम्ही म्हणायचात, "काम झालं का न्हाई ते आधी सांग. बाकीचं रामायण मंग." तर काम झालं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे, तिच्याकडे बघतच हे लिहिते आहे. गेले कित्येक दिवस छातीवर काहीतरी बसून होतं, ते काल अंबडच्या पुढे रस्त्यावर कुठेतरी उतरून गेलं.

किल्ली काढून घेणार होता तो तुमचा नातू. तुम्ही गेलात तेव्हा तो पाठीला दप्तर लावून शाळेत जायचा. आता पुण्यात नोकरी करतो, सुट्टी मिळाली की जालन्याला येतो आणि आल्या आल्या माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट उघडून बघतो. गेल्या खेपेला तो आला तो रागातच आला, कारण एमआयडीसीच्या चौकातली हकिगत त्याच्या कानावर गेली होती. झालं होतं असं, की एका काळी-पिवळीवाल्यानं मला डावीकडून कट मारला. काळी-पिवळी म्हणजे भाड्याच्या जीपगाड्या. आता गावोगावी त्याच धावतात. आत माणसांवर माणसं, टपावर पोरं, मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळे, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, कारण त्याच्या सीटवरही कोणीतरी बसवलेलं असतं. मी त्याच्यामागे गाडी घातली, चौकात गाठलं, गाडी आडवी लावली आणि खाली उतरून बोलायला लागले. टपावरच्या पोरांच्या जिवाची किंमत काय, कायदा कोणासाठी असतो, रस्ता काय तुझ्या एकट्याचा आहे का. सळयांच्या कारखान्यांची पाळी सुटली होती. मोटारसायकली थांबल्या, गर्दी जमली, आणि गर्दी जमली की माझा आवाज चढतो. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. शेवटी मागे अडकलेला एक टेंपोवाला उतरून आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, भाषण बराबर हाय तुमचं. पण संपलं असंल तर गाडी बाजूला घ्या. ड्युटी चुकून राह्यली आमची." लोक हसले. ज्याला मी झापत होते तो काळी-पिवळीवालाही हसला. घरी आल्यावर मला आडवं पडावं लागलं, कपाळाची शीर इतकी उडत होती.

"आई, तू गाडी चालवत नाहीस," तुमचा नातू म्हणाला, "तू रस्त्यावर सभा घेतेस. सोमवारपासून ड्रायव्हर. किल्ली दे इकडं."

मी दिली नाही. किल्ली म्हणजे नुसती गाडी नाही, हे त्याला कसं सांगायचं? लग्न होऊन जालन्यात आले तेव्हापासून मी या जिल्ह्यातल्या गावांतून दारूबंदीसाठी बोलत हिंडते. जिथे बाईनं ग्रामपंचायतीची पायरी चढली तरी माणसं खाकरतात, तिथे मी स्वतः गाडी चालवत जाते आणि ती पारासमोर उभी करते. माझं अर्धं भाषण तिथेच होऊन जातं. बाया पदर सावरत आधी गाडीत डोकावतात, आणखी कोणी आहे का, कोणा पुरुषानं आणून सोडलंय का. कोणी नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मला नंतर तासभर बोलूनही आणता येत नाही. ड्रायव्हर दार उघडतो आणि बाई उतरते, अशी बाई त्यांनी पाहिलेली आहे. ती पुढाऱ्याची बायको असते. तिचं कोणी ऐकत नाही, तिला हार घालतात.

शिवाय ड्रायव्हर ठेवूनही पाहिला होता, एकदा नाही, दोनदा. पहिला न सांगता गेला. दुसरा जरा टिकला, मग किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, ह्या गाडीला दोन स्टेअरिंग बसवून घ्या. एकावर माणूस ठिवा, एक तुम्ही धरा." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी शेजारी बसले की गप्प बसत नाही. समोर काही आलं की सुरू होते, थांब, थांब, येतंय, हां, आता जा. पाय आपोआप खाली दाबला जातो, जणू तिथे ब्रेक आहे. लग्नाच्या वऱ्हाडात, प्रचाराच्या जीपमध्ये, दवाखान्याच्या गाडीतसुद्धा, ड्रायव्हरच्या शेजारी बसून मला आजवर कधी डुलकी लागली नव्हती. ही खोड कुठली, ते सगळ्या जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

एक्याऐंशी साली तुम्ही ती लिलावातली मिल्ट्रीची जीप आणलीत. डाव्या स्टेअरिंगची. सगळं पिंपळगाव बघायला आलं होतं. रेणुकाईच्या देवळापुढे गाडीची पूजा करताना पुजाऱ्यानं सवयीनं उजव्या बाजूनं हार आत घातला, आणि तिथे स्टेअरिंगच नव्हतं. हार हातात धरून तो तसाच उभा राहिला आणि लोक पोट धरून हसले. जीप इतकी स्वस्तात का मिळाली ते पहिल्याच फेरीत कळलं. आपला रस्ता डाव्या बाजूचा, आणि ड्रायव्हरही डाव्या कडेला, गवताला चिकटून बसलेला. पुढे बैलगाडी किंवा ट्रक आला की त्याच्या पलीकडचं त्याला काही म्हणता काही दिसायचं नाही. ओलांडून जायचं तर उजव्या सीटवरच्या माणसानं मान बाहेर काढून सांगायचं, रस्ता मोकळा आहे का नाही. ते काम माझ्याकडे आलं. कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. माझ्या लग्नाच्या बैठका माझ्याशिवाय चालल्या होत्या. आपल्या घरात बायकांना विचारण्याची रीत नव्हती. मलाच काय, आईलाही कोणी कधी विचारलं नाही. पण त्या जीपमध्ये तुम्ही मैल-दीड मैलाला विचारायचात, "दिसतंय का गं?" मी म्हणायची, थांबा, की जीप थांबायची. मी म्हणायची, जा, की जीप जायची. मिशा पिकलेला, शब्दाला गावात वजन असलेला माणूस माझ्या एका शब्दावर आपला जीव ट्रकच्या पलीकडे नेऊन घालायचा. पुढे मी पुष्कळ वाचलं. स्वातंत्र्यावर, हक्कांवर, वक्तृत्वावर, जाड जाड पुस्तकं. पण माझ्या बोलण्यानं काही हलतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या फाटक्या सीटवर.

थोरल्या काकांना ते खपत नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी विषय काढलाच. चुलीपुढे आई भाकरी थापत होती, मी वाढत होते. काका तुमच्याकडे न बघता म्हणाले, "काय रे, पोरगी किन्नर ठिवली का गाडीवर?" ट्रकवरच्या क्लीनरला आपल्याकडे किन्नर म्हणतात. काकू तोंडाला पदर लावून हसली. आईचा हात परातीतच थांबला. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि म्हणालात, "किन्नर न्हाई दादा. माह्या गाडीचा उजवा डोळा हाय तो."

"डोळ्याला उद्या सासरी धाडावं लागंल. मंग काय आंधळ्यावानी हाकतो का?"

"मंगचं मंग पाहू. आज तर दिसून राह्यलं ना," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे ताट सरकवलंत, "अर्धी वाढ अजून." परातीतला थाप थाप आवाज पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

आणि मग मिरचीचा तो दिवस. मी तो कोणालाच सांगितलेला नाही, पण तो तुम्हाला आठवत असणार. ओल्या मिरचीची पोती मागे भरून आपण भोकरदनला निघालो होतो. सकाळी बायांबरोबर मीही मिरच्या निवडायला बसले होते, आणि जीपमध्ये बसल्यावर वाऱ्यानं डोळ्यात कचरा गेला म्हणून तोच हात डोळ्याला लावला. झालं. डोळा पेटला, दुसऱ्यातही पाणी आलं, समोरचा रस्ता म्हणजे नुसतं हलतं पाणी. पुढे सरकीचा ट्रक होता. तुम्ही विचारलंत, "दिसतंय का गं?" मला दिसत नव्हतं. पण काकांच्या त्या बोलण्यानंतर दिसत नाही असं म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "जा." तुम्ही गेलात. समोरून एस.टी. आली. तुम्ही जीप उलट्या बाजूच्या चरात घातलीत, म्हणून आपण वाचलो. दोन पोती फुटली आणि रस्ता हिरवागार झाला. एस.टी.च्या ड्रायव्हरनं तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उतारू खाली उतरले, शिंकत शिंकत मिरच्या गोळा करू लागले, एका म्हातारीनं तर वेचता वेचता ओटीत दोन-चार टाकूनही घेतल्या. तुम्ही त्या ड्रायव्हरला उलट एक शब्द बोलला नाहीत. गाडी मार्गी लागली तेव्हा हात वर करून म्हणालात, "जा बाबा, तुहं काम मोठं हाय."

मग तुम्ही मला बांधावर बसवलंत. डब्यातल्या पाण्यात उपरण्याचं टोक भिजवून माझे डोळे पुसलेत. मला वाटलं होतं, आता एक थोबाडीत बसेल. तुम्ही विचारलंत, "दिसत नव्हतं ना?"

मी मान हलवली.

"मंग दिसत न्हाई म्हणायचं. त्यात काय लाज? गाडी तुह्या बोलण्यावर चालून राह्यली, बाई. न्हाई दिसलं तर न्हाई म्हण, मी थांबतो. थांबल्यानं कोणी मरत न्हाई."

एवढंच. सगळ्या जन्मात तुम्ही मला रागावलात ते एवढंच, आणि तेही माझे डोळे पुसता पुसता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि स्वतः उजव्या सीटवर जाऊन बसलात. "आता तू हाक, मी बघतो. जो बघतो त्याला हाकायचं काय असतं ते कळलं पायजे." काका ओसरीवरून बघत होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाही, फक्त मला म्हणालात, "क्लच हळू सोड." त्या उन्हाळ्यात मी गाडी शिकले. तुम्ही शेजारून जा, थांब, सांगत राहायचात. पण "दिसतंय का अण्णा?" असं मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही आपण होऊन सांगायचात, म्हणून निभावलं.

पुढे जालन्याला आले आणि उजव्या स्टेअरिंगची गाडी हाती आली. त्या गाडीत सगळं माझं मलाच दिसायचं. कोणाला विचारायची गरज उरली नाही, याचा मला केवढा अभिमान होता. गावी आले की मी तुमच्यावर चिडायची. तुम्ही सगळ्यांना साईड द्यायचात. मागून हॉर्न वाजला की जीप कच्च्यात उतरवायचात, मग तो ट्रक असो की फटफटीवरचं शेंबडं पोर. वर पुन्हा तेच, "जा बाबा, तुहं काम मोठं असंल." मला वाटायचं, ह्या माणसानं जन्मभर साईडच दिली. भावाला दिली, गावाला दिली. माझं एक वाक्य आहे, बाया ते आता माझ्याआधीच म्हणतात, "बायांनो, साईड देऊ नका." एका गावात ते शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं आहे. ते वाक्य मला तुमच्यामुळे सुचलं, तुमच्याविरुद्ध सुचलं. आजही ते मी मागे घेणार नाही. नवऱ्यानं दारूसाठी भांडी विकायला काढली तर बाईनं साईड द्यायची नसते, दारात आडवं उभं राहायचं असतं. पण तेच वाक्य मी रस्त्यावरही घेऊन फिरत होते. उजव्या लेनमधून बैलाच्या चालीनं जाणारा ट्रक, तोंडावर दिव्यांचा अप्पर मारून येणारा, कारखाना सुटल्यावर उलट्या बाजूनं सरळ अंगावर येणारे मोटारसायकलवाले, उजवीकडचा दिवा लावून डावीकडे वळणारा, या सगळ्यांशी माझा तात्त्विक मतभेद असायचा, आणि मी तो हॉर्ननं मांडायची.

त्यात तुमच्या नातवानं माझी जुनी गाडी विकली आणि ही आणली. हिच्या स्टेअरिंगवर एक बटण आहे. ते दाबलं की गाडी ठरलेला वेग आपणहून धरून ठेवते. पाय काढून घ्या, ती ऐंशीनं चालत राहते. त्याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. "तुझा पाय रागाप्रमाणं खाली-वर होतो ना," तो म्हणाला, "म्हणून खास तुझ्यासाठी बघून आणली." औरंगाबादचा रस्ता आता चारपदरी झालाय, मधे झाडं लावलीत, तुम्ही ओळखणार नाही. तिथे आम्ही एका रविवारी ते लावून पाहिलं. मला वाटलं होतं राग कमी होईल. उलट वाढला. पायानं वेग धरलेला असतो तेव्हा आपण जरा सैल सोडतो, जरा दाबतो, पुढच्याशी जुळवून घेतो, आपल्याला कळतही नाही. पण एकदा ऐंशीचा आकडा लावून ठेवला की समोरचा प्रत्येक जण आपला आकडा मोडायलाच जन्माला आल्यासारखा वाटतो. दोन ट्रक शेजारी शेजारी चालले होते, एक बेचाळीसनं, दुसरा त्रेचाळीसनं, आणि त्रेचाळीसवाला बेचाळीसवाल्याला ओलांडत होता. मी खिडकीची काच खाली केली. "आई," तुमचा नातू म्हणाला, "काच." मी वर केली. त्या बटणाची एकच गोष्ट मला पटली. ब्रेकला पाय नुसता लागला की ते लगेच आपला हट्ट सोडतं. कुरकुर नाही, वाद नाही. रस्ता मोकळा झाला की पुन्हा सांगा, पुन्हा धरतं. मी त्याला म्हटलं, हे यंत्र तुझ्या आजोबांच्या वळणावर गेलंय. त्याला कळलं नाही, आणि तेव्हा मलाही पुरतं कळलं नव्हतं.

काल अंकुशनगरला ऊसतोडणीच्या बायांची बैठक होती. नातवानं अट घातली. तो शेजारी बसेल, तोंडातून शब्द काढणार नाही. जाताना मी एकदा जरी कोणाशी भांडले, उतरले, कोणाच्या मागे लागले, तर किल्ली त्याची आणि सोमवारपासून ड्रायव्हर. नाही भांडले तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. "शब्द?" मी विचारलं. "शब्द," तो म्हणाला. "आणि हॉर्नसुद्धा भांडणातच धरणार."

गाळपाचा हंगाम आहे. अंबडच्या पुढे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. आम्हाला उशीर झाला होता, आणि एका ट्रॅक्टरमागे आम्ही अडकलो. दोन ट्रॉल्या, ऊस इतका भरलेला की दोन्हीकडून हात-हातभर बाहेर, मागून बघितलं तर उसाची भिंतच चाललीय. टेपवर गाणं कानठळ्या बसतील असं. आमच्या मागे एक काळी-पिवळी, तिचा हॉर्न सारखा. मी घड्याळ बघितलं. बाया थळात, म्हणजे तोडणीवाल्यांच्या कोपींच्या तळावर, येऊन बसल्या असतील, त्यांना संध्याकाळी पुन्हा गाड्या भरायच्या असतात, त्या थांबणार नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानं उजवा हात बाहेर काढला आणि पुढे पुढे असा हलवला. जा म्हणतोय. मी गिअर टाकला. रस्ता डावीकडे वळत होता. मी बसले होते उजवीकडे, आणि उसाच्या भिंतीपलीकडचं मला काही म्हणता काही दिसत नव्हतं.

अण्णा, इतक्या वर्षांनी ते सगळं एकदम समोर आलं. डोळ्यातली मिरची, उपरण्याचं ओलं टोक. नाही तर मी गेलेच असते. नेहमी जाते. जीभ वळायला क्षणभर लागला, पण वळली. मी म्हटलं, "मला दिसत नाही. तुला दिसतंय का?"

तुमच्या नातवानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याच कोणाच्या आवाजात बोलले होते. मग तो डाव्या खिडकीतून वाकला, वळणाच्या आतल्या बाजूनं त्याला पुढचा रस्ता दिसत होता, आणि म्हणाला, "थांब. येतंय."

मी थांबले. मागचा थांबला नाही. काळी-पिवळी आमच्या उजवीकडून सुसाट निघाली, आणि समोर वळणावर रिकामा ट्रक. तिला ना पुढे जागा ना मागे. मी ब्रेक दाबला, गाडी अर्धी कच्च्यात उतरवली आणि ट्रॅक्टरच्या मागे जागा सोडली. ती जीप त्या जागेत शिरली, ट्रक हॉर्न देत अंगावरून गेला. आमच्या तोंडासमोर तिची मागची पायरी. तिच्यावर लटकलेली एक बाई, काखेला लेकरू, माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. मग लेकराचं टोपरं सरळ केलं तिनं.

"जा बाबा," मी म्हणाले, "तुझं काम मोठं असंल."

आणि त्याच वेळी आमचं लक्ष ट्रॅक्टरवाल्याच्या हाताकडे गेलं. तो अजून बाहेरच होता, पुढे पुढे हलतच होता. गाणं बदललं तसा हातही बदलला, वर-खाली व्हायला लागला. अण्णा, तो हात मला नव्हताच. तो गाण्याला होता. आम्ही दोघं मायलेकरं इतकी हसलो की मला गाडी पुढे काढायला वेळ लागला. हसणं थांबल्यावर तुमचा नातू म्हणाला, "आई, तू गेली असतीस."

"हो," मी म्हटलं. "विचारलं म्हणून राहिले."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "किल्ली तुझी. पण असं विचारत जा." त्याला मी तुमच्या जीपची गोष्ट सांगितली, पुजाऱ्याच्या हारापासून मिरचीपर्यंत सगळी. उजव्या डोळ्याचंही सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे अण्णा कोणाला घाबरून साईड देत नव्हते." मी म्हटलं, नाही रे. काकांना त्यांनी कुठे दिली? माझ्या वेळी तर तसूभर दिली नाही. बाकीच्यांना दिली, कारण त्यांना माहीत होतं की आपल्याला सगळं दिसत नाही. एवढं साधं मला कळायला केस पांढरे व्हावे लागले. जो माणूस आपल्याला दिसत नाही हे जाणतो, त्याला थांबण्यात कमीपणा वाटत नाही. मी मात्र प्रत्येक थांबण्याचं निवडणुकीसारखं केलं होतं, हरणं नाही तर जिंकणं.

बैठक चांगली झाली. बाया थांबल्या होत्या. काही जणी बसल्या बसल्या पेंगत होत्या, तरी थांबल्या होत्या. मी नेहमीचं भाषण सुरू केलं, आणि मधेच थांबून एकीला विचारलं, मला इथलं सगळं दिसत नाही, तुला काय दिसतंय ते सांग. ती उठली आणि जे बोलली ते माझ्या भाषणात कधीच आलं नसतं. तिच्या थळात दारू कोण आणून देतो, कोणत्या वाटेनं, हे तिनं नावानिशी सांगितलं. मी खाली बसून ऐकलं. आणि शेवटी त्याच मला म्हणाल्या, "ताई, ते साईडचं म्हणा ना." मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पिंपळगावात आता तुमच्या नावावर काही येत नाही. गाडीच्या पुढच्या कप्प्यात कागदपत्रांखाली ठेवीन. तुम्ही जीपची कागदं सीटखाली ठेवायचात तसं.

एक राहिलं. येताना मी किल्ली आपण होऊन तुमच्या नातवाला दिली आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. ऊन उतरलं होतं, उसाच्या गाड्या तशाच चालल्या होत्या. अंबड मागे पडल्याचं आठवतं, पुढचं नाही. मी एकदाही थांब म्हणाले नाही, एकदाही जा म्हणाले नाही. घराच्या फाटकापाशी त्यानं हाक मारली तेव्हा मी पदर सारखा केला आणि त्याला सांगितलं की डोळे मिटून जरा विचार करत होते. तुमच्याशी खोटं बोलत नाही, अण्णा. मी झोपले होते.